खाते जळाले, देणे राहिले

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी वर्ग आटोपल्यावर दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी महाराज बाड्यावर गेलो. लष्करात जन्मलेल्या माणसाला बाड्यावर जाण्यास एरवी निमित्त लागत नाही. पण त्या दिवशी निमित्त होते. व्हिक्टोरिया मार्केटच्या इमारतीत डिसेंबर २०२४ मध्ये भूगर्भशास्त्राचे संग्रहालय उघडले, ते मुलांना पाहायचे होते. मुले खडक, खनिजे आणि जीवाश्म पाहण्यात रमली. मी मात्र भिंतीकडे पाहून मनाशी हिशेब करीत होतो की, वह्यांचे दुकान इथे होते की आणखी दोन कमानी पलीकडे?

मुलाच्या ते लक्षात आले. त्याने विचारले, “सर, यहाँ पहले क्या था?”

“बाजार था.”

“बाजार तो बाहर भी है, सर!”

त्याचे काही चुकले नव्हते. बाहेर सारा बाडा गजबजलेला होता. फेरीवाले ओरडत होते, ई-रिक्षा एकमेकींत अडकल्या होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती. मग माझे हरवले ते काय? या प्रश्नाला मी त्या वेळी उत्तर दिले नाही. पुढे कित्येक दिवस मात्र तो मनातून गेला नाही. आपल्यासारख्या जुन्या घरांतून “आता या शहरात काय राहिले आहे?” हे वाक्य दिवसातून एकदा तरी उच्चारले जाते, म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी मिळून शोधावे, असे मला वाटते.

आधी त्या बाजाराविषयी सांगतो. माधवराव महाराजांच्या कारकीर्दीत, गेल्या शतकाच्या आरंभी, बाड्याभोवती ज्या देखण्या इमारती उभ्या राहिल्या त्यांतली ही एक. नाव परक्या राणीचे असले तरी आत सारे व्यवहार आपले होते. आमच्या लहानपणी जून-जुलैमध्ये शाळा उघडल्या की आई यादी करून देई आणि नाना मला बोटाला धरून मार्केटात नेत. वह्या, पुस्तके, तपकिरी कागद, शाईची दौत, कंपासपेटी एवढी खरेदी व्हायला खरे म्हणजे अर्धा तास पुरे. पण आम्हाला दोन-अडीच तास लागत. दुकानदार नानांना बसायला स्टूल देई, चहा मागवी, आणि आदल्या रात्रीच्या मैफलीत कोणी काय गायले, कोणाचा आवाज लागला नाही, याची चौकशी करी. त्याला स्वतःला स्वर कळत नव्हता, पण कोणत्या घरात गाणे आहे हे त्याला ठाऊक असे. “मास्टर साहब के खाते में लिख दो,” असे तो मुलाला सांगे आणि आम्ही निघत असू. परतताना सराफ्याच्या तोंडाशी कचोरी ठरलेली.

आमच्या नानांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांचे वडील शिंदे दरबारचे गवई. नाना स्वतः १९४६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तंबोऱ्याच्या साथीला म्हणून संस्थानच्या पटावर आले. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्य अस्तित्वात आले आणि संस्थान संपले. म्हणजे नानांचा दरबार जेमतेम दोन वर्षांचा! पुढे पस्तीस वर्षे त्यांनी शाळेत मुलांना सरगम शिकविली. पण गल्लीत त्यांची ओळख अखेरपर्यंत “दरबारी गवई” अशीच राहिली, आणि मी त्यांचे उतारवयातले अपत्य, मलाही “दरबारी गवयाचा मुलगा” म्हणूनच लोक ओळखतात. दोन वर्षांच्या वैभवावर दोन पिढ्यांनी ऐट मिरवावी, यातली गंमत नानांना पुरेपूर कळत होती. ते म्हणत, “अरे, दरबाराने मला दोन दसरे दिले. घर चालवले ते शाळेने आणि बाजाराने.”

२०१० च्या उन्हाळ्यात मार्केट जळाले. दुसऱ्या दिवशी नाना मला घेऊन तिकडे गेले. त्यांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. काळवंडलेल्या कमानी, पाण्याने भिजून लगदा झालेल्या वह्या, आणि त्या राखेत काठीने उकरीत उभे असलेले दुकानदार, हे दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. आमचा दुकानदार रस्त्याच्या कडेला एका खोक्यावर बसला होता. नानांनी खिशातून पाकीट काढून त्याच्या हाती ठेवले. मागच्या खात्याचे तीनशे चाळीस रुपये होते. तो म्हणाला, “मास्टर साहब, खाता तो जल गया. अब कैसा हिसाब?” नाना म्हणाले, “खाता जला है भाई, उधार नहीं जला.” त्याने पैसे घेतले आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. त्याच्या किती ग्राहकांनी आपले जळालेले खाते असे आठवणीने फेडले असेल, मला ठाऊक नाही. नानाही पुढे तीन वर्षांत गेले.

आता ती इमारत पुन्हा उभी आहे आणि तिच्यात संग्रहालय आहे. याविषयी माझी तक्रार मुळीच नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जळका सांगाडा पावसात कुजत पडण्यापेक्षा तिथे मुले येऊन चार गोष्टी शिकतात हे केव्हाही बरे. रात्री बाड्यावरच्या इमारतींवर रोषणाई होते तेव्हा बाहेरगावचे पाहुणे थक्क होऊन पाहतात, आणि आपणही त्यांना “हे आमचे” म्हणून दाखवितोच. तरी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. दगड परत आणता आला, पण त्या दगडाच्या आधाराने चालणारे जगणे परत आले नाही. स्टूल पुढे सरकवणारा, नाव विचारल्याशिवाय खाते लिहिणारा आणि तुमच्या घरच्या गाण्याची चौकशी करणारा माणूस कोणत्याही दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात बसत नाही. त्या मुलाला मी हे सांगायला हवे होते. बाजार बाहेरही आहे हे खरे. पण तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, आणि आपणही कोणाला ओळखत नाही.

पण इथेच थांबलो तर हा लेख म्हणजे आणखी एक उसासा होईल, आणि उसाशांचा आपल्याकडे तुटवडा नाही. शहराला उतरती कळा लागली असे आपण म्हणतो, ते कितपत खरे आहे हे तपासून पाहू.

काही अंशी ते खरेच आहे. मध्यभारतात ग्वाल्हेर ही हिवाळी राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळला गेली. आपल्या समाधानासाठी महालेखाकारांची कचेरी, महसूल मंडळ आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे राहिले. त्या ए. जी. ऑफिसच्या पगारावर आपल्यातल्या किती घरांची चूल पेटली, हे वेगळे सांगायला नको. मग गिरण्यांची पाळी आली. घनश्यामदास बिर्ला यांनी १९२१ च्या सुमारास काढलेली जयाजीराव कॉटन मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. ज्या ग्वालियर रेयॉनच्या कापडाने या गावाचे नाव घरोघरच्या शिंप्याकडे पोचवले, तिचाही येथला कारखाना पुढे मिटला. माझ्या वर्गात बिर्लानगरची मुले होती. वर्षाच्या मध्येच एकेक जण शाळा सोडून आजोळी, सुरतेला, दिल्लीला निघून गेला. शेवपूरला जाणारी दोन फुटी रुळांची आपली छोटी गाडी २०२० च्या मार्चमध्ये थांबली ती थांबलीच. राजधानी गेली, गिरणी गेली, गाडी गेली; यादी लांबविता येईल.

आणि तरीही २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती दहा लाखांच्या वर गेलेली होती. रस्ते लांबले, नव्या वसाहती झाल्या, मोठाली दुकाने झाली. माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केलेला मेळा अजून दर हिवाळ्यात भरतो आणि त्यात गर्दी मावत नाही. मग ओस काय पडले? वाचकहो, कटू वाटेल, पण ओस पडल्या त्या आपल्या ओसऱ्या. जनकगंज, माधवगंज, चिटणीसांची गोठ या भागांतून सायंकाळी फिरून पाहावे. एकेका वाड्यात म्हातारा-म्हातारी, वरच्या मजल्याला कुलूप, आणि मुले पुण्याला, बंगळूरला किंवा त्याहून दूर. पाटणकर बाजार, फालके बाजार, शिंदे की छावणी ही नावे पाट्यांवर आहेत. पण ही नावे कोणाची, हे तिथल्या दुकानदाराला विचारा, तो खांदे उडवील. शहर वाढत गेले आणि आपण कमी होत गेलो. आपण कमी झालो याला आपण शहराची उतरती कळा म्हणतो, एवढाच त्याचा अर्थ.

मुलांनी जाऊ नये असे मी म्हणणार नाही. पोटासाठी माणूस जातो. आपले पूर्वजही पोटासाठीच शिंद्यांच्या फौजेमागे कोकणातून, देशावरून इकडे आले. १८१० च्या सुमारास दौलतरावांनी इथे छावणी टाकली आणि छावणीचेच शहर झाले; “लष्कर” हे नाव त्याची आठवण देते. जिथे तंबू ठोकले तिथे घर मानले, हाच आपला इतिहास. तेव्हा जाणाऱ्यांना बोल नाही. माझा बोल आहे तो राहिलेल्यांना, म्हणजे मला आणि तुम्हाला. राहिलेल्यांनी दारे लावून घेतली आणि आत बसून गेलेल्या वैभवाचा जप सुरू केला, हे मात्र आपल्या परंपरेला धरून नाही.

ती परंपरा काय होती, हे आमच्या गाण्याच्या गोष्टीवरून सांगता येईल. ज्याला आपण अभिमानाने ग्वाल्हेर घराणे म्हणतो ते काही इथल्या मातीतून आपोआप उगवले नाही. नत्थन पीरबक्ष लखनौहून आले. त्यांचे नातू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांनी दरबारात कीर्ती मिळविली. त्यांच्या परंपरेची विद्या वासुदेवबुवा जोशी यांच्यासारख्या मराठी शिष्यांकडे आली. वासुदेवबुवांकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली. आणि बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. लखनौ, ग्वाल्हेर, मिरज, लाहोर! या साखळीतल्या एका जरी माणसाने “हे आमच्या घरचे, बाहेरच्याला देणार नाही” म्हटले असते, तर आज आमच्या हाती काय उरले असते?

याहून बोलकी गोष्ट निसार हुसेन खाँसाहेबांची. १८८६ साली जयाजीराव महाराज गेले आणि खाँसाहेबांचा दरबारचा आश्रय सुटला. तेव्हा ते शंकरराव पंडितांच्या घरी येऊन राहिले. एका ब्राह्मण कुटुंबात, त्या कुटुंबाच्या आहारविहारात सामावून गेले आणि तिथेच शिकवीत राहिले. ही हकीकत आपण जुनी माणसे मोठ्या कौतुकाने सांगतो, पण तिचा अर्थ मनावर घेत नाही. दरबाराचे दार बंद झाले तेव्हा लष्करातल्या एका घराचे दार उघडले, म्हणून विद्या वाचली. पुढे त्याच घरच्या कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली शंकर गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९१८ साली माधवराव महाराज आणि भातखंडे यांच्या प्रयत्नांनी माधव संगीत विद्यालय निघाले, आणि ज्या विद्येसाठी पूर्वी उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे पाणी भरावे लागे ती कारकुनाच्या मुलालाही शिकता येऊ लागली.

आज माझ्या वर्गात अकरा विद्यार्थी आहेत. त्यांतली मराठी दोन. बाकीच्यांत एकाचे वडील ई-रिक्षा चालवतात, एकीच्या घरचे बांगड्यांचे दुकान आहे, एकाचे आजोबा जे. सी. मिलमध्ये साचेवाले होते. आपल्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला मध्यंतरी हळहळून विचारले, “आपली मुले कुठे आहेत हो तुमच्याकडे?” त्यांच्या वयाचा मान राखून मी गप्प राहिलो. खरे उत्तर असे की, हीच आपली मुले. हद्दू-हस्सू खाँच्या परंपरेने आपल्या पूर्वजांना जे दिले त्याचे खाते केव्हाच जळून गेले आहे. त्याची नोंद कोणापाशी नाही. पण नाना म्हणत त्याप्रमाणे खाते जळाले म्हणून देणे फिटत नाही. त्या बांगडीवाल्याच्या मुलीला यमन नीट शिकविला तर त्यातला एखादा रुपया फिटेल.

२०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरीचा मान दिला. त्याच वर्षी डिसेंबरात किल्ल्यावर हजाराहून अधिक तबलावादकांनी एकत्र वाजवून विक्रम केला. मला दोन्हींचा आनंद झाला. पण मानपत्र भिंतीवर लागते आणि विक्रम एका दिवसाचा असतो. रियाज रोज लागतो. बाजाराचेही तसेच असते. तो इमारतीने जगत नाही, रोज जाणाऱ्या-येणाऱ्याने जगतो. आपण रोजचे जाणे सोडले आणि मग एके दिवशी “बाजार गेला” म्हणून रडलो, असे किती ठिकाणी झाले आहे याचा ज्याने त्याने विचार करावा. मार्केट जळाले हा अपघात. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्यातले बरेच जण गाडी लावायला जागा नाही म्हणून बाड्याकडे फिरकेनासे झाले होते. मीही त्यांत होतो.

तेव्हा करता येण्याजोग्या दोन-चार गोष्टी सुचवितो. पहिली, ज्यांच्या वाड्यात बैठकीची खोली रिकामी आहे त्यांनी ती आठवड्यातून दोन सायंकाळी एखाद्या वर्गाला द्यावी. गाण्याच्या, चित्रकलेच्या, गणिताच्या का होईना. दुसरी, आपल्या गणेशोत्सवात बाहेरगावचा पाहुणा कलावंत एक दिवस जरूर यावा, पण एक दिवस गावच्याच विद्यार्थ्यांचा असावा आणि त्या दिवशीही खुर्च्या भराव्यात. तिसरी महानगरपालिकेसाठी. महिन्यातून एका सकाळी, फेरीवाले बसण्यापूर्वी, बाड्यावर तासभर गाणे व्हावे. तिकीट नको, भाषणे तर मुळीच नकोत. येणाऱ्या-जाणाऱ्या हमालाच्या कानांवरही चार स्वर पडू द्यात. आणि चौथी, त्या नव्या संग्रहालयात जिथे कोट्यवधी वर्षांच्या खडकाची माहिती दिली आहे तिथे एका भिंतीवर शंभर वर्षांच्या त्या बाजाराचीही हकीकत नीट मांडलेली असावी, म्हणजे “यहाँ पहले क्या था?” असे विचारणाऱ्या मुलाला उत्तर मिळेल.

शेवटी घरचे सांगतो, कारण दुसऱ्याला उपदेश करणाऱ्याने आपला हिशेब आधी दाखवावा. आमच्या जनकगंजातल्या घराला गिऱ्हाईक आले आहे. खाली दुकाने, वर सदनिका काढण्याचा त्याचा विचार आहे आणि तो देतो ती रक्कम माझ्यासारख्या शिक्षकाने जन्मात पाहिलेली नाही. दादा पुण्याला असतो. त्याचा दर आठवड्याला फोन येतो: “अरे, तिथे आता काय राहिलंय? विकून टाक आणि इकडे ये. गाण्याच्या शिकवण्या इथे दसपट मिळतील.” दादा माझ्या हिताचेच बोलतो, आणि घरात त्याचाही वाटा आहे, हे मी विसरत नाही. छप्पर गळते, वाळवी लागली आहे, मुलीच्या कॉलेजचा खर्च समोर आहे. निर्णय सोपा आहे असे मी भासविणार नाही.

पण परवा मी त्याला म्हटले, “दादा, मागचा भाग विकू, तुझा वाटा तुला देऊ. पुढची खोली मात्र राहू दे.” दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “नानांचा तंबोरा तिथेच आहे ना? त्याच्या तारा बदलून घे.” दोन वर्षे दरबारात आणि पस्तीस वर्षे शाळेत वाजलेला तो तंबोरा सध्या बांगडीवाल्याची मुलगी छेडते. तारा बदलून झाल्या आहेत.

वर्ग सोमवार सोडून रोज सायंकाळी सहाला असतो. ज्यांना आपली रिकामी खोली द्यायची असेल त्यांनी येऊन भेटावे. विद्यार्थी मी पाठवीन.